घराचा विमा बदललाय, बाबा, रागावू नका

पुणे
संक्रांतीनंतरचा रविवार

ती. बाबा आणि आई,

सा. न.

हे फोनवरच सांगणार होते. पण फोनवर बाबा "हं, बरं" म्हणून फोन आईकडे देतात, आई "जेवलीस का" विचारते आणि विषय तिथंच संपतो. म्हणून लिहिते. बाबा, शेवटपर्यंत वाचा, मग फोन करा.

आपल्या घराच्या विम्याची मुदत या महिनाअखेर संपतेय. नूतनीकरणाची नोटीस माझ्या मोबाईलवर आली, ६,८४० रुपयांची. ती मी भरली नाही. दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेतली आणि पैसेही भरून टाकले. जुनी संपते त्याच रात्री बाराला नवी सुरू होते. मध्ये एक दिवसही घर उघड्यावर नाही, हे आधीच सांगते, नाहीतर आज रात्री तुमची झोप उडायची.

"काकांना काय वाटेल?" हेच पहिलं म्हणाल ना? मला माहितीय. दर जानेवारीला गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीतून वाट काढत स्कूटरवरून येणारे आपले विमा एजंट काका, डिकीतून पावती आणि तिळगूळ एकदमच काढणारे. तुमच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात ते कसे बसून होते ते मी विसरलेले नाही. म्हणून कंपनीच्या आधी त्यांनाच फोन केला. सगळं सांगितलं, आकडेही सांगितले. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बाळ, तू म्हणतेस ते बरोबर आहे, त्या पॉलिसीत मला फारसं काही सुटतही नव्हतं." खरं की मला बरं वाटावं म्हणून, ते मला कळलं नाही. पण मेडिक्लेम त्यांच्याकडेच राहील असं मी त्यांना सांगितलंय, आणि तो राहणारच. एक तर इतक्या वर्षांचा जुना मेडिक्लेम बदलायचा नसतो. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी गेलाय, त्यामुळे तिथं हात लावायची गरजच नाही. घराच्या विम्यावर मात्र १८ टक्के अजून आहेच. तेव्हा काका पुढच्या वर्षीही येतील, तिळगूळ घेऊनच येतील. तुम्ही फक्त तोंड चुकवू नका.

आता पैशांचं. बाबा, तुमचा नियम मला पाठ आहे: स्वस्त म्हणजे कुठंतरी हात आखडलेला. म्हणून हप्ता का कमी झाला ते सांगते. जुनी पॉलिसी कर्जाबरोबर आली होती, आणि ती ४८ लाखांची होती, कारण बँकेने घराची किंमत तेवढी धरली होती. त्यात जुळे सोलापुरातली जागा पण आली. जागा कुठं जळते? भूकंपात घर पडलं तरी प्लॉट तिथंच राहतो. कंपनी देणार ते घर पुन्हा बांधायला लागेल तेवढंच, मग पॉलिसीवर काहीही आकडा असो. आपलं वरखाली मिळून साडेअकराशे फूट कार्पेट, आजच्या सळई-सिमेंटच्या भावाने फुटाला १,९०० धरले. साधारण बावीस लाख. (भाव आपल्या जुन्या गवंड्यालाच विचारला. तुमची आठवण काढत होता, गुडघ्याचं विचारत होता.) म्हणजे इतकी वर्षं आपण निम्म्याहून जास्त हप्ता मातीचा भरत होतो.

दुसरं म्हणजे त्यात नको ते जोडलेलं होतं. टीव्ही-फ्रिज बिघडला तर, लॅपटॉप हरवला तर, असलं. लॅपटॉप माझ्याकडे पुण्यात. फ्रिज तर माझ्या बारावीच्या वर्षीचा, त्याच्या बिघाडाचे पैसे कोण देणार? ते सगळं काढलं.

नवी पॉलिसी 'भारत गृह रक्षा' नावाची आहे. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना ही एकच ठरलेली पॉलिसी द्यायला लावली. नाव कुणाचंही असलं तरी मूळ मजकूर तोच. त्यामुळे तुलना करणं सोपं झालं. फक्त हप्ता, आणि क्लेम कोण नीट देतं, एवढंच पाहायचं होतं. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल, गॅसचा स्फोट, सगळं आहे. पाण्याची टाकी फुटली किंवा भरून वाहिली तर झालेलं नुकसानसुद्धा आहे. हे वाचताना मला हसू आलं. ज्या घरात पाणी येण्याच्या दिवशी टाकी, पिंप, हंडे, बादल्या, अगदी पातेलीपण भरून ठेवतात, त्या घरासाठीच कुणीतरी हे कलम लिहिलंय म्हटलं. आई, तरी मोटर चालू ठेवून पूजेला बसत जाऊ नकोस.

घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के आपोआप मिळतात, म्हणजे आपले ४ लाख ४० हजार. कपाटं, पलंग, भांडी, शिलाई मशीन, चादरी, सगळं धरून मला पुरेसं वाटतं. घर राहण्यासारखं उरलं नाही तर दुसरीकडे राहायचं भाडंही देतात. अर्थात तसं काही झालंच तर तुम्ही भाड्याने कुठं राहणार नाही, इकडे येणार, ते वेगळं.

चोरीचं मात्र नीट ऐका. मूळ पॉलिसीत चोरी आहे ती आग-पूर असं काही घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेली. नुसती घरफोडी त्यात बसत नाही. ती मी वेगळी जोडून घेतली. आई, तुझ्या पाटल्या आणि मोहनमाळ लॉकरमध्ये आहेत ना, त्या तिथंच राहू देत. तुझ्या अंगावरचं आणि घरात असतं तेवढंच सोनं पॉलिसीत घातलंय. म्हणून लग्नाकार्याला दागिने काढलेस की चार दिवसांत परत ठेव. "उद्या ठेवते" करत ते तांदळाच्या डब्यात नकोत.

आणि किल्ली! मीटरच्या पेटीवरची किल्ली आजच्या आज उचला. अख्ख्या गल्लीला माहितीय ती तिथं असते. दूधवाल्याला माहितीय, केबलवाल्याला माहितीय. घरफोडीचा क्लेम कुलूप-कोयंडा तुटल्याच्या खुणा बघून देतात. आपल्याच किल्लीने कुणी दार उघडून आत गेलं तर कंपनीला काय दाखवणार? शेजारच्या मावशींकडे एक द्या, बास.

बाबा, मुदतीबद्दल तुमच्याशी थोडं भांडायचंय. पाच वर्षांची घेतली. १२,४५० रुपये एकदम भरले, म्हणजे जुन्याच्या दोन वर्षांच्या पैशांत पाच वर्षं, वर दरवर्षी "पावती कुठं ठेवली" हे नाही. शिवाय एका वर्षापेक्षा जास्त मुदत असली की विम्याची रक्कम दरवर्षी मूळ रकमेच्या दहा टक्क्यांनी वाढत जाते, जादा हप्ता न घेता. सळईचा भाव वाढला तरी आपण मागं पडत नाही. तुम्ही आता म्हणाल, "पाच वर्षं कशाला, आमचं काय..." हे वाक्य पुरं करायचं नाही. गवंड्याने तुमच्या गुडघ्याचं विचारलं, आयुष्याचं नाही.

मी इतकी का मागं लागलेय ते तुम्हाला कळत असेल. किल्लारीच्या भूकंपाची रात्र मला आठवते ती तुकड्यातुकड्यांत. विसर्जन बघून आलो होतो, मी तुमच्या पायांवर पाय टाकून झोपले होते. मग कुणीतरी मला चादरीसकट उचललं. मुरारजी पेठेतली सगळी गल्ली अंगणात, अंधार, आणि आई अनवाणी, हातात बालाजीची तसबीर. तुम्ही मला खांद्यावर घेऊन उभे होता आणि मी विचारलं होतं म्हणे, "बाबा, आपलं घर पडलं तर दप्तर कुठं ठेवायचं?" सकाळी रेडिओवर ऐकलं. दगड-मातीच्या भिंती झोपेतच माणसांवर आल्या. ते भाड्याचं घर होतं. तुम्ही नंतर स्वतःचं बांधलंत तेव्हा पाया असा खणून घेतलात की गवंडी अजून सांगतो. मग एवढ्या जिवानं बांधलेल्या घराचा कागद धड असावा, एवढंच माझं म्हणणं.

आणि किल्लारी जुनी झाली म्हणावी तर २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा माढा-मोहोळची गावं आपण टीव्हीवर बघितलीच. त्याच वर्षी मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली. बाबा, त्या दिवशी तुमचा आवाज बसला होता फोनवर.

घाबरवत नाहीये. तुमचं रोजचं काहीच बदलत नाही. कुणी घर बघायला येणार नाही, सह्यांसाठी बँकेत रांगेत उभं राहायचं नाही, कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवायची नाही. पॉलिसी दोघांच्या नावावर आहे, घर आहे तशीच. बँकेचं नाव काढलंय. कर्ज फिटून इतकी वर्षं झाली तरी जुन्या कागदावर पहिला हक्क त्यांचाच होता, क्लेमचे पैसे आधी तिकडे गेले असते. त्यासाठी बेबाकीचा दाखला लागला, तो वहिनीने गोदरेजच्या कपाटातून फोटो काढून पाठवला. तुम्हाला त्या दिवशी "कपाट आवरतेय" म्हणाली ती ह्यासाठीच. तिला रागावू नका, मीच सांगितलं होतं.

एक गोष्ट विम्यात बसत नाही: गच्चीची ओल. जुनं होऊन झिजलेलं, मुरलेलं, ह्याचे पैसे कुणीच देत नाही. म्हणून वाचलेल्या पैशांत मी थोडे घालते आणि उन्हाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेऊ. पांढरा रंगही मारून घेऊ, मे महिन्यात वरची खोली जरा तरी निवेल. नाही म्हणू नका. गवंड्याला मी बोलून ठेवलंय.

आता राहिलेली कामं. आई, तुझ्या कडक भाकरीच्या आणि शेंगाचटणीच्या ऑर्डरींचं मी अर्जात लिहिलंय, घरातल्या स्वयंपाकघरातून थोडंसं विकते म्हणून. लपवून ठेवलं तर क्लेमच्या वेळी तेच बोट दाखवतात. मात्र वरच्या खोलीत शेंगदाण्याची पोती लागायला लागली, किंवा ती खोली कुणाला भाड्याने दिली, तर आधी मला सांग, कंपनीला कळवावं लागतं. विकायचा माल घरसामानात धरत नाहीत. नंदादीप मी बंद कर म्हणणार नाही, तेवढी माझी हिंमत नाही. फक्त पडदा एका बाजूला घे आणि समई ताटात ठेव.

बाबा, तुम्ही घरातल्या प्रत्येक खोलीचे फोटो काढून मला पाठवा. कपाटं उघडून. टीव्हीच्या मागचा नंबरपण. जमत नसेल तर शेजारचा पोरगा काढून देईल, त्याला चॉकलेट द्या, विडा नको. देव करो आणि लागू नये, पण काही झालंच तर आधी तुम्ही दोघं बाहेर पडा, मग मला फोन. आग असेल तर १०१, चोरी असेल तर पोलिसात तक्रार त्याच दिवशी. आणि जळकं-भिजकं सामान कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत टाकायचं नाही. आईला आवरायची घाई असते, म्हणून तिला खास सांगा.

पॉलिसीचा कागद छापून हुतात्मा एक्स्प्रेसने तिकडे येणाऱ्या मामांबरोबर पाठवतेय. सोबत बाबांच्या गुडघ्याचा पट्टा आहे, तो कपाटात ठेवण्यासाठी नाही. वाचून पटलं नाही तरी सांगा. पॉलिसी कधीही रद्द करता येते, उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळतात. पण मला वाटतं पटेल.

आई, मामा परत निघाले की त्यांच्याबरोबर चटणी दे. कमी तिखट नको करूस, इथं सगळं गुळचटच मिळतं.

तुमची
चिमी

ता. क. काकांना फोन केलात तर विम्याचं काढू नका. त्यांच्या सुनेला मुलगी झालीय, ते विचारा.