चिकूच्या माहेराहून

ग्वादालाहारा (मेक्सिको), रविवार रात्र

प्रिय आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

पिरॅमिडचे फोटो बघून आईने विचारलं होतं, "एवढ्या पायऱ्या चढलीस?" नाही गं चढले. चढू देतच नाहीत आता. आणि फोनवर सांगायचं म्हटलं तर बाबा दोन मिनिटांत "हं, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात. म्हणून पत्र. हे बाबांनी वाचायचं, आईला वाचून दाखवायचं, आणि मध्येच चहा करायला उठायचं नाही.

चार दिवसांची सुट्टी जोडून आली, म्हणून विल्याएर्मोसापर्यंत विमानाने आणि पुढे बसने पालेंकेला गेले. मेक्सिकोच्या दक्षिणेला चियापास राज्य आहे, तिथलं हे माया लोकांचं जुनं नगर. हवा अगदी आपल्या जूनसारखी, पाऊस येतोय-येतोय म्हणणारी. पहाटे जंगलातून असा काही आवाज आला की वाघच असावा असं वाटलं. निघाली माकडं! कुत्र्याएवढं ते जनावर, पण गुरगुरणं ऐकून पोटात गोळा येतो. नगराचं जुनं नाव लकमहा, म्हणजे मोठं पाणी. गावातून ओढा वाहतो आणि त्या लोकांनी तो राजवाड्याच्या कडेने दगडी बांधकामाखालून वळवून नेलाय. बाबा तिथे अर्धा तास तरी हलले नसते.

पिरॅमिड म्हटलं की आपल्याला इजिप्त आठवतं, पण हा तसा टोकदार नाही. एकावर एक चढत गेलेले टप्पे आणि माथ्यावर पाच दारांचं देऊळ. त्या देवळात ६१७ चित्राक्षरं कोरलेली आहेत, म्हणून नावच 'शिलालेखांचं मंदिर'. माया पंचांगाप्रमाणे २०१२ साली जग बुडणार म्हणून काकांनी घर डोक्यावर घेतलं होतं ना? त्यांना सांगा, याच लेखात माया लोकांनी इसवी सन ४७७२ मधली तारीख कोरून ठेवलीय. राजाच्या राज्यारोहणाची आठवण तेव्हाही असेल, असा हिशोब! जग बुडायचं त्यांच्या गावीही नव्हतं.

हा राजा पकाल. जन्म ६०३ चा. तो लहान असताना, ६११ मध्ये, कालाकमुल या दुसऱ्या माया नगराच्या लोकांनी हे नगर लुटलं. ६१५ मध्ये बाराव्या वर्षी गादीवर बसला आणि ६८३ पर्यंत, म्हणजे ६८ वर्षं, राज्य केलं. राजवाड्यातल्या एका लंबगोल शिळेवर त्याची आई, सक कुक, त्याला मुकुट देताना दिसते. बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गंमत. पकाल म्हणजे ढाल. त्याचं नाव कधी नुसतं ढालीचं चित्र काढून लिहितात, तर कधी प-क-ल अशी तीन अक्षरं मांडून. शेवटच्या ल मधला अ लिहायचा, पण म्हणायचा नाही. आपण 'ढाल' लिहितो तेव्हा दुसरं काय करतो?

१९४९ मध्ये आल्बेर्तो रुस या संशोधकाचं लक्ष देवळाच्या फरशीकडे गेलं. एका शिळेला भोकं होती आणि त्यांत दगडी बुचं बसवलेली. शिवाय भिंती फरशीशी थांबत नव्हत्या, खाली जात होत्या. शिळा उचलली तर खाली जिना, तोही दगडमातीने ठासून भरलेला. तो उपसायला १९५२ उजाडलं. तळाशी पकालची कबर, तोंडावर जेड या हिरव्या दगडाचा मुखवटा. दगडी पेटी इतकी मोठी की ती जिन्याने उतरवणं शक्यच नाही. म्हणजे आधी पेटी बसवली आणि मग वर पिरॅमिड रचला. रुस यांची छोटीशी समाधीही समोरच आहे.

आता कबरीत सोडत नाहीत. तिथल्या संग्रहालयात पेटीची हुबेहूब प्रतिकृती ठेवलीय, ती पाहिली. (आईच्या गुडघ्यांना हे बरं, सगळं सपाटीवर.) झाकणावरच्या चित्रात लोकांना रॉकेटात बसलेला माणूस दिसतो. प्रत्यक्षात तो जगवृक्षाखाली असलेला पकाल आहे. सगळे झाकणाचेच फोटो काढत होते. मी खाली वाकून बाजू बघत राहिले. पेटीच्या चारी बाजूंना पकालचे पूर्वज कोरलेत, जमिनीतून झाड उगवावं तसे उगवताना. प्रत्येकाच्या मागे एकेक फळझाड. त्याच्या घराण्यातली एक राणी अवोकाडोची, आई कोकोची, वडील नान्से नावाच्या बारक्या पिवळ्या फळाचे. आई-वडील तर दोनदोनदा आहेत. आणि एकाच्या मागे बाबा, चिकू!

२०१६ मध्ये घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तुम्ही आख्ख्या आळीत पेढे वाटले होते, म्हणून जरा जपून सांगते. चिकूचं माहेर हे इकडचं. इथे त्याला चिकोसापोते म्हणतात. पायवाटेवर वाटाड्याने एक झाड दाखवलं, आपल्या विहिरीजवळच्याच्या दुप्पट उंच, खोडावर तिरक्या खाचा. त्यातून निघणाऱ्या चिकाला म्हणतात चिक्ले, पूर्वी च्युइंगगम त्याचंच करायचे. मी खोडावरून हात फिरवला. आपली कालीपत्तीची साल अशीच लागते, खरखरीत, आणि वासही तोच. वाटाड्याला सांगितलं की आमच्या घरी याची वाडी आहे. तो म्हणाला, "इंडियात?" त्याला ते काही पटलं नाही.

अजून एक. पकाल गेला तेव्हा देवळाचं काम अपुरं होतं, ते त्याच्या मुलाने पुरं केलं. हे वाचलं आणि मला आपल्या वाडीचा विकायला काढलेला खालचा तुकडा आठवला. तोलूनमापून लिहीत नाही, आठवला म्हणून लिहिते. "करणार कोण आता?" असं तुम्ही मागच्या फोनवर म्हणालात आणि मी नेटवर्कचं निमित्त करून गप्प बसले. नेटवर्क चांगलं होतं, बाबा.

तर बयाणा घेऊ नका. मे महिन्यात येतेय, तीन आठवडे. आपण दोघं बांधावर बसून हिशोब मांडू: पाणी किती, मजूर किती, मला इथून काय जमेल आणि काय नाही. नाहीच जमलं तर मग विका, मी हूं की चूं करणार नाही. पण आजोबांनी लावलेल्या विहिरीजवळच्या झाडाला तोवर कोणी हात लावायचा नाही.

आई, तुझ्यासाठी कोको आणतेय. भयंकर कडू आहे, साखर घालावी लागेल. बाबांनी गोळ्या वेळेवर घेतल्या का ते कळव.

तुमची,
चिऊ