डेंगळ्यांचं कौतुक

शिकागोजवळ,
१० जुलै २०२५

प्रिय गड्या,
सप्रेम नमस्कार.

हसशील, पण लिहितोच. मी अंगणात डेंगळे, म्हणजे कांद्याचे फुलोऱ्याचे दांडे, लावलेत. मुद्दाम, पैसे मोजून! तुझ्या वावरात कांद्याला डेंगळा दिसला की तुझ्या कपाळाला आठी पडते. इथे लोक पानगळीच्या दिवसांत शोभेच्या कांद्याचे कंद विकत आणून पुरतात ते निव्वळ डेंगळ्यासाठी. मे महिन्यात अडीच-तीन फुटी दांड्यावर जांभळा चेंडू उभा राहतो. पहिल्या वर्षी मीही तेच लावले. चेंडू झकास, पण तो फुलेपर्यंत खालची पात पिवळी पडून लोळायला लागते, आणि दोन-तीन आठवड्यांत खेळ खलास. शिवाय खायला काही नाही. कांदा लावायचा आणि खायचा नाही, हे मनाला पटेना. मग रानातल्या कांद्यांकडे वळलो.

रानकांदा म्हटल्यावर तुला डोंगरावरचा तो विषारी कंद आठवेल. तो नावाचाच कांदा, हृदयावर घाला घालणारा. इथले मात्र खरेखुरे कांद्याच्या कुळातले. पान चुरगळलं की कांद्या-लसणाचा वास आलाच पाहिजे. नाही आला तर तोंडात घालायचं नाही, कारण हुबेहूब तसंच दिसणारं विषारी रोपही इथल्या माळावर उगवतं. फक्त एकदा बोटांना वास लागला की पुढचं प्रत्येक गवत कांदाच वाटतं. हे बायकोने दाखवून दिलं, मी नाही.

माझा लाडका म्हणजे ‘नॉडिंग अनियन’. घरात त्याला लाजरा कांदा म्हणतो. दीड फुटी दांडा, टोकाशी हुकासारखा वाकलेला, आणि खाली बघणारा फिकट गुलाबी गुच्छ. भुंगे त्याला उलटे लटकतात. गंमत म्हणजे बी धरलं की तीच मान हळूहळू वर येते. २०२१ च्या वसंतात सहा रोपं लावली होती. आमची माती चिकण, थंडीत वर बर्फाचा थर, तरी एप्रिलमध्ये पात हजर. ससे बाकी सगळं कुरतडतात, याला तोंड लावत नाहीत. गड्डा दाटला की खणायचा, फोडायचा, पुन्हा लावायचा. सहाची आता चाळीसेक झालीत. पात चांगली तिखट, पीठ पेरून भाजी केली की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

एक चूक केली. लसणाच्या वासाची चपटी चिनी पात लावली आणि तिची पांढरी फुलं बी पडायच्या आत खुडली नाहीत. आता ती फरशीच्या फटीतही आहे, आणि शेजारणीच्या गुलाबांतही. शेजारीण अजून बोलते, हे तिचं मोठेपण.

मेपलच्या सावलीत दुसरंच प्रकरण आहे. ‘रॅम्प’, रानलसूणच म्हण. झाडांना पालवी फुटायच्या आत याची रुंद पानं येतात, जूनपर्यंत विरून जातात, आणि आत्ता बोडक्या दांड्यांवर पांढरी फुलं आहेत. १६८७ च्या सुमारास इथून गेलेल्या हेन्री जुतेल या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलंय की या रानात लसूण फार, म्हणून या जागेला शिकागो हे नाव. मायामी-इलिनॉय लोकांच्या भाषेत ‘शिकाक्वा’ म्हणजे हाच रानलसूण. तेव्हा लासलगावशेजारी राहतोस म्हणून फार मिरवू नकोस, मीही कांद्याच्याच गावात राहतो!

पण हा भारी सावकाश. बी उगवायलाच दीड वर्ष लागू शकतं, आणि खाण्याजोगं व्हायला पाच-सात वर्षं. लोक कंदासकट उपटतात म्हणून रानंच्या रानं ओकीबोकी झाली. एका अभ्यासात तर निघालं की दहा वर्षांतून एकदा, तेही दहा टक्केच काढले तर वाफा टिकतो. मी कंदाला हात लावत नाही. एका रोपाचं एकच पान. यंदा सगळी मिळून वाटीभर ठेचा झाला. तीन महिन्यांत तीन पिकं घेण्याची स्वप्नं बघणाऱ्या तुला हे सांगून उपयोग नाही म्हणा.

आई मेपासून इथे आहे. कांदेनवमी आली ४ जुलैला, म्हणजे नेमकी अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी. बाहेर फटाके, आत कढईत भजी. लाजऱ्या कांद्याच्या कोवळ्या कळ्यांचे चार गुच्छही पिठात बुडवले. दरवर्षी मी महिनाभर कळ्या खुडत असतो. यंदा आईचा चातुर्मास सुरू झाला, कात्री बंद. त्यामुळे पहिल्यांदाच सगळा वाफा फुलणार आहे. काल संध्याकाळी आई खुर्ची घेऊन तिथेच बसली होती. “देवाला चालेल का रे हे?” म्हणाली, एक फूल नाकाशी नेलं, आणि स्वतःच म्हणाली, “नको. कांदा तो कांदाच.” पण खुर्ची काही हलवली नाही.

कांदाचाळीतला उन्हाळ कांदा कितपत टिकलाय? लाल कांद्याची लागवड झाली का? भावाचं विचारत नाही, शिव्या पत्रात बऱ्या दिसत नाहीत. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
शिकागोकर कांदेवाला