धनुर्विद्येसाठी ग्रंथालय आणि मैदान यांची सांगड घालावी

महोदय,

शाळांना सुट्टी लागण्याचे दिवस जवळ आले की क्रिकेट, फुटबॉल आणि पोहण्याच्या शिबिरांच्या बातम्या आपल्या दैनिकात येऊ लागतात. तिरंदाजीचे नाव त्यांत क्वचितच दिसते. नेमयंत्र आणि तोल सांभाळणाऱ्या दांड्या लावलेले महागडे धनुष्य बाजूला ठेवून बांबूच्या किंवा लाकडाच्या साध्या कमठ्यावर हात बसवू पाहणाऱ्याला तर, 'इथे शिकवणारा कुणी नाही, तेव्हा हा नाद सोडा,' असाच सल्ला मिळतो. हा सल्ला मला मान्य नाही. शिक्षक मिळाला तर उत्तमच. पण पारंपरिक धनुर्विद्येचा पाया चांगले पुस्तक, नियमित सराव आणि सुरक्षित जागा या तिन्हींच्या आधारे घालता येतो. यांपैकी सराव शिकणाऱ्याने करायचा आहे. उरलेल्या दोन गोष्टी गोव्यातील सार्वजनिक संस्थांना फार खर्चाशिवाय पुरवता येण्यासारख्या आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

पुस्तकातून शस्त्रविद्या शिकता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की ही विद्या फार पूर्वीपासून लिहून ठेवली गेली आहे. अग्निपुराणातील धनुर्वेदाच्या अध्यायांत समपद, वैशाख, मंडल, आलीढ, प्रत्यालीढ अशी उभे राहण्याची स्थाने सांगितली असून दोन पावलांतील अंतर वितींत दिले आहे. वैशाख स्थानात ते तीन विती, तर मंडलात चार विती. चार हात लांबीचे धनुष्य श्रेष्ठ, साडेतीन हातांचे मध्यम, हे मापही तिथेच सापडते. इंग्लंडमध्ये रॉजर अ‍ॅस्कमने १५४५ साली आपल्या 'टॉक्सोफिलस' या ग्रंथात उभे राहणे, बाण दोरीला जोडणे, ओढणे, धरणे आणि सोडणे अशी पाच अंगे सांगितली, आणि आजचा प्रशिक्षकही थोड्याफार फरकाने याच क्रमाने शिकवतो. या लेखकांनी मापे आणि क्रम लिहिले, ते शिकणाऱ्याला उपयोगी पडावेत म्हणूनच.

मात्र पुस्तक केव्हा वाचावे, याला महत्त्व आहे. आधी सगळे वाचून मग धनुष्य हाती घेणाऱ्याच्या डोक्यात सूचनांची गर्दी होते आणि ऐन दोरी सोडताना एकही आठवत नाही. त्यापेक्षा थोडे वाचावे, तेवढेच करून पाहावे आणि जिथे अडले तिथे पुन्हा पान उघडावे. एक उदाहरण देतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्या नवशिक्याचे बाण वारंवार निशाणाच्या डावीकडे जातात. तो साहजिकच नेम उजवीकडे सरकवतो, तेवढ्यापुरते बाण मध्यभागी येतात आणि चूक अंगवळणी पडते. खरे कारण बरेचदा बाणातच असते. दोरी सुटली की बाण सरळ न जाता वाकतो आणि धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून मग मार्गावर येतो. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात वेगवान कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रणात हे स्पष्ट दिसून आले. धनुष्याच्या मानाने बाणाची काडी ताठ असेल तर ती पुरेशी वाकत नाही आणि बाण डावीकडे फेकला जातो. काडी फार लवचिक असेल तर तो उजवीकडे जातो. दोरी सोडताना बोटे बाहेरच्या बाजूला ओढली गेली तरीही बाण डावीकडेच जातो. मग दोष काडीचा की हाताचा, हे कसे ओळखावे? सगळे बाण डावीकडे पण एकाच जागी जवळजवळ लागत असतील तर आधी काडी तपासावी, टोकाला थोडे जड फाळ लावून पाहावे; ते विखुरलेले असतील तर आधी हात सुधारावा. केवळ सरावाने हा उलगडा व्हायला फार काळ जातो आणि केवळ वाचनाने तो कधीच होत नाही.

चढवलेली दोरी आणि दांडा यांच्यातील अंतराचेही तसेच आहे. मूठ वळून अंगठा ताणला की जेवढे माप भरते, साधारण तेवढे हे अंतर लांब लाकडी धनुष्यात राखावे, असा जुना प्रघात आहे. ते कमी पडले की सुटलेली दोरी डाव्या हाताच्या मनगटावर सपकन बसते, कातडी लाल होते आणि पुढच्या वेळी हात आपोआप आखडतो. असा आखडलेला हात सरळ व्हायला फार वेळ लागतो. म्हणून मनगटपट्टा आणि बोटांचे चामडे सुरुवातीपासून वापरावे, आणि ओढायला वीस-पंचवीस पौंडांपेक्षा जास्त जोर लागेल असे पहिले धनुष्य घेऊ नये. पहिले काही दिवस पाच पावलांवरच्या पेंढ्याच्या भाऱ्यावर, नेमाचा विचारही न करता, फक्त ओढणे आणि सोडणे यांकडे लक्ष द्यावे. तरुणांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण पुढचे सारे यावर अवलंबून आहे. बाण न जोडता दोरी कधीही सोडू नये. बाणात जाणारा सगळा जोर अशा वेळी दांड्यात आणि दोरीतच राहतो आणि धनुष्य मोडू शकते.

पुस्तकांतही एकवाक्यता नाही, हे सांगायला हवे. कुणी दोरी ओठाच्या कोपऱ्यापर्यंत ओढायला सांगतो, कुणी कानापर्यंत. युरोपीय पद्धतीत तीन बोटांनी दोरी ओढतात आणि बाण दांड्याच्या डाव्या बाजूला असतो. आशियातील अनेक परंपरांत अंगठ्याने ओढतात आणि बाण उजव्या बाजूला असतो. दोन्ही पद्धती शुद्ध आहेत, पण नवशिक्याने त्यांची सरमिसळ करू नये. निदान एक हंगाम एकाच पुस्तकाला धरून राहावे, असे माझे ठाम मत आहे.

शिवाय परदेशी पुस्तके आपली हवा जाणत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात बांबू ओल धरतो, त्याचा ताण उतरतो आणि बाणाची पिसे भिजून चपटी होतात. काम झाल्यावर दोरी उतरवून धनुष्य कोरड्या, सावलीच्या जागी आडवे ठेवण्याची सवय इथे अधिकच कसोशीने पाळावी लागते. आपल्याकडे माणग्यासारखा भरीव बांबू आहे आणि बांबूकाम जाणणारे हातही आहेत. देशपातळीवरील स्पर्धांत 'इंडियन राउंड' हा प्रकार आजही बांबूच्या धनुष्यानेच खेळला जातो, तेव्हा हा केवळ जुन्या आठवणींचा छंद आहे असे कुणी समजू नये.

आता जागेविषयी. हलक्या धनुष्याचा बाणही शंभर मीटरपलीकडे सहज जातो. त्यामुळे परसात किंवा माडांच्या बागेत सराव करणे धोक्याचे आहे. चिऱ्यांच्या कुंपणाला टेकवून निशाण लावणे तर त्याहून वाईट, कारण चुकलेला बाण दगडावर आपटून फुटतो किंवा उसळतो. सर्वांनी एकाच रेषेवरून बाण सोडावेत आणि सगळी धनुष्ये खाली ठेवल्यावरच एकत्र जाऊन ते काढावेत, हा नियम पाळायला देखरेख असलेले मैदान लागते. २०२३ साली ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्या राज्यात झाल्या. त्यानिमित्ताने सुधारलेल्या मैदानांपैकी एखाद्याचा कोपरा, मागे मातीचा उंच बांध घालून, आठवड्यातून एक सकाळ नवशिक्यांसाठी राखून ठेवणे क्रीडा खात्याला जड जाऊ नये.

पुस्तकांची जबाबदारी ग्रंथालयांनी उचलावी. १८३२ पासूनची परंपरा असलेल्या पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने या विषयाची मराठी, संस्कृत व इंग्रजी पुस्तके एका जागी मांडावीत आणि त्यांच्या प्रती वाळपई, सांगे, काणकोण येथील वाचकांपर्यंत पोहोचवाव्यात. तिथल्या मुलांना पणजीला येऊन पुस्तक चाळणे परवडणारे नाही. जोडीला, इथला बांबू आणि इथला पाऊस लक्षात घेऊन लिहिलेली, आकृत्यांसह साध्या मराठीतील एक छोटी पुस्तिका निघाली तर फार मोठी सोय होईल. आपल्या दैनिकानेही या विषयाला सदरातून जागा द्यावी, अशी विनंती आहे.

पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरपासून मैदाने कोरडी होतात. सरावाला तोच काळ योग्य असल्याने संबंधित खात्यांनी जागेचा आणि पुस्तकांचा निर्णय त्यापूर्वी घ्यावा.

आपला नम्र,
एक वाचक, फोंडा-गोवा