यंदाही गणपतीला येता येणार नाही

अँकरेज, अलास्का
18 जून

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि खिडकीतून अजून ऊन येतंय. फोनवर हा विषय काढला की आई गप्प होते आणि बाबा लगेच हवापाण्याचं विचारतात, म्हणून लिहायला बसले. इथल्या कामाला अजून तीन वर्षं राहते, असं मी कळवून टाकलंय. सोमवारी सही केली. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघांनीही "आमचं काय, तू हो म्हण" एवढंच म्हटलं असतं, आणि मग सगळा भार तुमच्यावर गेला असता. तो माझ्याकडेच राहू दे.

गणपतीलाही यंदा जमणार नाही. समुद्रातले ऊद, म्हणजे पाणमांजरं, रक्त तपासायला पकडायचे तर ते उन्हाळ्यातच, आणि त्यानंतर आणलेल्या रक्ताचं काम थांबवता येत नाही. डिसेंबरात मात्र तीन आठवडे येते. तिकीट काढलंय, दादाला पाठवलंय. गणपतीवरची माटवी ह्या वर्षी दादाच्या मुलांना बांधू दे, बाबा. तुम्ही खाली खुर्चीवर बसून सांगा. स्टुलावर चढायचं नाही.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतंत, ऊदांच्या रक्तात एवढं काय शोधता? तेव्हा मी घाईत काहीतरी सांगून फोन ठेवला. आज नीट सांगते.

आईची ती पदार्थांची वही आठवा, तेलाचे डाग पडलेली. वही एकच, पण रोज त्यातलं वेगळं पान उघडतं. शेजारच्या काकींना नुसत्या वासावरून कळायचं. पुरणाचा वास आला तर सण, सुंठीचा काढा नि मऊ भात शिजत असला तर घरात कोणीतरी आजारी. जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांची अशीच एक वही असते. ती वाचून त्या जनावरात काय काय आहे ते कळतं, पण आज त्याच्या अंगात काय चाललंय ते कळत नाही. ते कळतं उघडलेल्या पानांवरून. जनुक कामाला लागलं की त्याची आरएनए नावाची नक्कल तयार होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये कुठल्या जनुकाच्या किती नकला आहेत, ते आम्ही मोजतो. सुजेशी लढणारी जनुकं जागी आहेत का, विष निपटणारी जागी आहेत का, एवढं त्यातून दिसतं.

ह्याची गरज का पडली, तेही सांगते. 24 मार्च 1989 ला इथल्याच प्रिन्स विल्यम साउंड ह्या आखातात एक्झॉन व्हाल्डेझ हे तेलाचं जहाज खडकावर चढलं आणि चार कोटी लिटरच्या आसपास कच्चं तेल पाण्यात गेलं. सील, देवमासे ह्यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, समुद्री ऊदाला तो नसतो. त्याची सगळी ऊब त्या दाट केसांत. केस तेलाने चिकटले की थंडी थेट अंगाला भिडते. शेकडो ऊद तेव्हा मेले. पुढे पाणी स्वच्छ दिसायला लागलं, पण काही किनाऱ्यांवर तेल वाळूखाली मुरून राहिलं होतं, आणि ऊद शिंपल्यांसाठी तीच जमीन उकरतात, आपल्याकडे ओहोटीला बायका मुळे-तिसऱ्या काढतात तशी. जवळपास वीस वर्षांनी तिथल्या ऊदांचं रक्त घेऊन निरोगी ठरलेल्या ऊदांच्या रक्ताशी ताडून पाहिलं, तेव्हा जनुकांची चाल वेगळी दिसली. वरून पाहाल तर ऊद पोहतायत, खातायत, पिल्लं पोटावर घेऊन तरंगतायत. ते सावरले असं म्हणायला 2014 उजाडलं.

म्हणून एका उन्हाळ्याचं रक्त पुरत नाही. पाणी गरम होतंय, त्याचा परिणाम काय होतो हे कळायला त्याच खाडीत पुन्हा पुन्हा जावं लागतं. माझी दोन वर्षं झाली. आत्ता सोडलं तर जिथे काहीतरी हाताला लागायला आलंय तिथेच उठून आल्यासारखं होईल. माझ्याऐवजी दुसरं कोणी आलं असतं, हेही खरं. पण ह्या खाड्या आता मला ओळखीच्या झाल्यात. हे मी स्वतःलाच समजावतेय का, ठाऊक नाही. तुम्ही समजून घ्या.

आई, तुला वाटतं तसं त्यांना दुखवत नाही. आधी गुंगीचं औषध देतात. मग बोटीवर फोमच्या गादीवर निजवतात आणि खाली बर्फाच्या पिशव्या ठेवतात, कारण पाण्याबाहेर त्यांचं अंग लगेच तापतं. पहिल्यांदा मी हात लावला तेव्हा बोटं केसांत रुतत गेली, कातडीपर्यंत पोचलीच नाहीत. वरचा केस ओला, आतला कोरडा ठणठणीत. मानेच्या शिरेतून रक्त घेतात. माझ्या नळीत जेमतेम अडीच मिली. आरएनए फार लवकर नासतो, म्हणून त्या नळीत आधीच एक द्रव असतो, तो पेशी फोडून आरएनए जसाच्या तसा धरून ठेवतो. रक्त आलं की नळी हळूहळू आठ-दहा वेळा उलटसुलट करायची, जोरात हलवायची नाही. बोट डुलत असते आणि मी मनात आकडे म्हणत असते. मग गुंगीवर उतारा देतात. ऊद डोळे उघडतो, पाण्यात जातो, पाठीवर वळून चेहरा चोळत बसतो.

त्या वेळी मला दर वेळी आपली खाडी दिसते. तुम्ही पहाटे मला खांद्यावर घेऊन बांधावर नेलं होतंत, बाबा. कांदळवनातून चार ऊद एकामागून एक उतरले. आजोबा जाळ्यावरून ओरडत होते आणि तुम्ही माझा पाय घट्ट धरून म्हणालात, "हलू नको, बाय." तुमच्या सदऱ्याला विडीचा वास होता. इथले ऊद जातीने वेगळे, आकाराने मोठे. पण मला ते तेच वाटतात.

आता जानेवारीचं. तुमच्या छातीत स्टेंट बसवला आणि मला अकरा दिवसांनी कळलं. रागावलेली नाही, तुम्ही माझ्या परीक्षणाच्या दिवसांत मला जपलंत. पण ते अकरा दिवस फोनवर तुमचा आवाज रोजचाच होता, आणि मी खुशाल जेवत-झोपत होते. बाबा, माझ्याशी असं पुन्हा करू नका. एवढंच मागते.

माझं इथे उत्तम आहे. घर गरम, बूट चांगले, बोटीवर आम्ही पाचजण आणि लाइफ जॅकेट कायम अंगात. आईचं मेतकूट अर्धा डबा शिल्लक आहे, आमसुलं भरपूर. रविवारी मऊ भात करते आणि तो खाताना तुझ्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटतं, आई. ताप आला की तू मनगट कपाळाला लावायचीस, तळवा नाही. अजूनही बरं नसलं की मी तेच करते.

आता नीट ऐका. रक्त पातळ ठेवायची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही, पोटात जळजळलं तरी. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी जुलैत करायचीच. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचे पैसे दादाकडे दिलेत. "कशाला उगाच" म्हणू नका. आई, गुडघा दुखत असताना विहिरीचं पाणी तू काढायचं नाहीस, पंप त्यासाठीच घेतलाय. केर-लादीला मावशी रोज येऊ देत, एक दिवसाआड नको.

5 जुलैपासून दहा दिवस बोटीवर फोन लागणार नाही. तोवर तुमच्या रात्री साडेआठला, म्हणजे माझ्या सकाळी सातला, दर रविवारी मी फोन करीन. बाबांचा रिपोर्ट आला की दादाला सांगून त्याचा फोटो पाठवा. "नॉर्मल आहे" असं नको, कागदाचाच फोटो हवा, दोन्ही बाजूंचा, आकडे दिसतील असा.

तुमची,
बाय