सूचना : दहावीच्या सवलतींसाठी तपासणी आताच करून घ्यावी

सर्व पालक व शिक्षक सभासदांना कळविण्यात येते की, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश असल्याने, डिस्लेक्सिया (वाचनातील अडचण), डिस्ग्राफिया (लेखनातील अडचण) अथवा डिस्कॅल्क्युलिया (गणितातील अडचण) असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा वेळ, आणि गरजेनुसार खालच्या इयत्तेतील लेखनिक (मुलाने सांगितलेले उत्तर लिहून देणारा विद्यार्थी) मिळू शकतो. मात्र त्यासाठी अधिकृत शासकीय वा महापालिका रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. खासगी समुपदेशकाचा अहवाल पुरेसा ठरत नाही. बुद्धिमापन आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्यांसाठी अनेक खेपा होतात, म्हणून नववीतच नाव नोंदवावे, दहावीच्या दिवाळीची वाट पाहू नये.

जाताना गेल्या दोन-तीन वर्षांच्या वह्या व उत्तरपत्रिका सोबत न्याव्यात. तोंडी विचारल्यास धडाधड उत्तर देणारा मुलगा कागदावर दोनच ओळी लिहितो आणि त्यातही ‘मगर’चे ‘गमर’ होते, हे गुणपत्रिकेपेक्षा त्या वहीतून तपासणाऱ्यांना लवकर उमगते. (वह्या रद्दीत घालू नयेत, ही विनंती आम्ही दरवर्षी करतो!)

शिक्षक सभासदांनी लेखनिकासोबत सहामाहीपासूनच सराव घ्यावा. उत्तर सांगून लिहून घेणे हेही शिकावेच लागते.

— समन्वयक