तपकीर गल्लीजवळच्या फ्लॅशवाल्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात आणून देता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. पुण्यात माझ्यासारखे छोटे स्टुडिओ चालवणारे पुष्कळ आहेत. ऐन शूटच्या वेळी फ्लॅशच्या लाइटने दगा दिला की त्यांच्याही तोंडचं पाणी पळतं. फ्लॅश दुरुस्त करता करता तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामी यावं.

ते दिवाळीआधीचे दिवस होते. पैठण्यांचा कॅटलॉग, मॉडेल नेसून तयार, आणि मुख्य लाइट मध्येच फायर व्हायचा, मध्येच नाही. एका ठिकाणी दाखवला तर हातही न लावता ‘बोर्ड गेलाय’ म्हणून मोठा आकडा लिहून दिला. मग तुमच्याकडे आले. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर उचललाच नाहीत. लाइटच्या पाठीमागचं टेस्टचं बटण नुसतं दाबत राहिलात. दर वेळी लाइट पडला, दर वेळी चार्ज झाल्याची बीप आली. ‘पेटी ठणठणीत आहे, आता बाहेर शोधू,’ म्हणालात. कॅमेऱ्याचा इशारा रेडिओने लाइटपर्यंत पोचवणाऱ्या ट्रिगरचा रिसीव्हर काढून दुसऱ्या हेडला, म्हणजे दुसऱ्या फ्लॅश-लाइटला, लावलात, तर रोग त्याच्याबरोबर तिकडे गेला! आत बॅटरीच्या पत्र्यांवर हिरवट थर साचला होता. तो खोडरबराने घासलात, नवे सेल घातलेत आणि पैसे घेतलेत फक्त सेलचे.

त्या एका बटणाने अर्धा प्रश्न सुटतो, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. टेस्टवर लाइट पडतोय म्हणजे ट्रिगर, त्याचा चॅनल, केबल नाहीतर कॅमेरा बघायचा. पडत नसेल तर सॉकेट, फ्यूज, प्रकाश देणारी ट्यूब, या क्रमाने आत जायचं. त्यानंतर फोनवर कितीदा तरी तुम्ही हाच धागा धरून मला उत्तरापर्यंत नेलंत. फोटोच्या एका कडेला काळा पट्टा आला तेव्हा पहिला प्रश्न ‘शटर किती?’ बऱ्याच कॅमेऱ्यांची सिंकची, म्हणजे शटर आणि फ्लॅश जुळण्याची, मर्यादा १/२०० किंवा १/२५० सेकंद; त्यापुढे गेलं की फ्लॅश पडतो तेव्हा शटरचा पडदा पूर्ण उघडलेला नसतो. साध्या रेडिओ ट्रिगरवर तुम्ही सरळ १/१२५ वर यायला सांगता, ते मी आता डोळे झाकून पाळते. नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर चालू राहिलं तर बऱ्याचदा फ्लॅश पडतच नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं.

विजेबद्दल तर तुमचा जीव तुटतो. आमचा स्टुडिओ पेठेतल्या जुन्या घरात. एकाच बोर्डावर एसी आणि दोन हेड, मध्ये बारीक वायरचं गुंडाळलेलं एक्स्टेंशन. व्होल्टेज पडतं, चार्ज व्हायला वेळ लागतो, घाईत बीपच्या आधी क्लिक केलं की कपॅसिटर (फ्लॅशसाठी वीज साठवणारा भाग) अर्धवट भरलेला, म्हणून एक फोटो उजळ आणि पुढचा अंधारा. तुम्ही जाड वायर घ्यायला लावलीत, ती पूर्ण सोडून ठेवायला सांगितलीत आणि एसीची लाइन वेगळी करवून घेतलीत. तेवढ्याने प्रकाश एकसारखा झाला. जुन्या हेडची पॉवर कमी केली की एकदा टेस्ट दाबून आतला जास्तीचा चार्ज काढायचा, ही सवयही तुमचीच.

पावसाळ्यात महिनोन् महिने न वापरलेला हेड एकदम फुल पॉवरवर चालवायचा नाही, हे तुम्ही किती कळकळीने सांगितलं होतंत! आधी सर्वांत कमी पॉवरवर तासभर नुसता चालू ठेवायचा, मग हळूहळू वर न्यायचं, म्हणजे कपॅसिटर पुन्हा सावरतो. ट्यूबला उघडं बोट लावायचं नाही, कारण हाताचं तेल काचेवर भाजलं जातं. बाबांच्या जुन्या फ्लॅशच्या सिंक सॉकेटला तुम्ही मीटर लावलात आणि काटा २०० व्होल्टच्या पुढे गेला. तो सरळ डिजिटल कॅमेऱ्याला जोडायचा नाही, असं तुम्ही बजावलंत. आता तो ऑप्टिकल स्लेव्हवर, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून पडणाऱ्या जोडणीवर, चालतो आणि माझा कॅमेरा शाबूत आहे.

आणि एक गोष्ट मी सगळ्यांना सांगत असते. प्लग काढून बराच वेळ ठेवलेला जुना हेड तुम्ही माझ्यासमोर उघडलात. मीटर कपॅसिटरवर अजून ३०० व्होल्टच्या वर दाखवत होता. तुम्ही दोन वायरींनी शंभर वॅटचा बल्ब लावलात, तो भक्कन पेटला आणि हळूहळू मंद होत गेला. ‘हा झटका माणसाला लागला असता,’ एवढंच म्हणालात. बाहेरचं सगळं मी बघेन; पेटी मात्र तुम्हीच उघडायची, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

काका, तुम्ही माझे पैसे वाचवलेत, काम वाचवलंत, आणि न कळत मला माझ्या साधनांची ओळख करून दिलीत. गिऱ्हाईक शहाणं झालं तर आपला धंदा कमी होईल, असा विचार तुमच्या मनाला कधी शिवला नाही. याचे आभार कसे मानायचे?

दुसऱ्या हेडची ट्यूब टोकांना काळी पडायला लागली आहे. दसऱ्याआधी घेऊन येते. या वेळी मजुरी पूर्ण घ्यायची.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सदाशिव पेठेतली स्टुडिओवाली