दिगू, बारा जीबीचंच घे

म्हापसा
२० जुलै २०२४

प्रिय दिगू,

आषाढीला विठ्ठलापूरच्या देवळात भेटलो, पण त्या गर्दीत आणि पावसात बोलणं अर्धंच राहिलं. तू विचारलंस, कॉम्प्युटरसाठी एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय, आठ जीबी मेमरीचं नवं ४०६० घेऊ की मागच्या पिढीचं ३०६०, आणि मला शेवटची बस गाठायची होती. नंतर फोनवर सांगता आलं असतं. पण त्या पैशांतले बरेचसे तू शिगम्याच्या चित्ररथांची कामं रात्री जागून करून बाजूला टाकलेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून निवांत बसून लिहितो.

उत्तर आधी सांगतो, तू ३०६० घे, बारा जीबीचं.

तू पेनड्राइव्हवर दिलेली कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, घराची थ्रीडी फाईल मी त्याच रात्री माझ्या मशीनवर उघडली. चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौलं, दारातला सोपा, पुढ्यात तुळस, मागे पोफळी आणि पोफळींवर चढलेल्या मिरवेली. फार सुरेख केलंयस. पागोळ्यांनी अंगणाच्या कडेला पडलेले ते बारीक खड्डेसुद्धा तू सोडले नाहीस. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्सवर, म्हणजे त्यातल्या चित्र काढणाऱ्या इंजिनावर, रेंडर लावलं (तयार चित्र काढायला घेतलं) आणि खिडकीच्या वरच्या पट्टीतला मेमरीचा आकडा बघत बसलो. सहा झाले, सात झाले, आठ ओलांडले, आणि ९.४ जीबीला जाऊन तो थांबला. माझं कार्ड बारा जीबीचं ३०६०च आहे, त्यामुळे त्याने काही कुरकुर केली नाही. आठ जीबीच्या कार्डावर हीच फाईल एकतर 'सिस्टिम इज आउट ऑफ जीपीयू मेमरी' म्हणून थांबली असती, नाहीतर टेक्स्चर, म्हणजे भिंती-पानांवर चढवलेली चित्रं, कॉम्प्युटरच्या मुख्य रॅममध्ये ठेवून रखडत चालली असती. तुझं आत्ताचं सहा जीबीचं कार्ड, १६६० सुपर, या फाईलला बसकण का मारतं, ते मला तेव्हा नीट दिसलं.

हा आकडा इतका का फुगतो, तेही बघितलं. चिऱ्याचं एक ४के चित्र म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल, आणि दर पिक्सेलला चार बाइट. डिस्कवर ती जेपीजी पाच-सहा एमबीची दिसते, पण कार्डाच्या मेमरीत ती पुरी उलगडून बसते आणि ६४ एमबी खाते. चिऱ्याला तू अशी चार चित्रं लावलीयस, रंगाचं, खरखरीतपणाचं, आणि उंचसखलपणाची दोन, नॉर्मलचं आणि डिस्प्लेसमेंटचं, आणि चारही रंगीत फाईल म्हणून सेव्ह केलेली. म्हणजे एकट्या चिऱ्याचे अडीचशे एमबी झाले. अशी पंचवीस मटेरियल झाली की सहा जीबी तिथेच संपतात, झाडं अजून यायचीच आहेत.

झाडांचंही सांगतो. तू पोफळी शिफ्ट-डी करून, म्हणजे स्वतंत्र प्रती काढून, पसरल्यास, त्यामुळे प्रत्येक पोफळ स्वतःचं वेगळं वजन घेऊन उभी आहे. ऑल्ट-डी करून, म्हणजे मूळ पोफळीशी जोडलेल्या प्रती काढून, पसरल्या असत्यास तर एकाच पोफळीच्या जाळीवर सगळं कुळागर उभं राहिलं असतं. मी तेवढं बदललं, आणि लांबच्या पानांची चित्रं ४के वरून २के केली. २केचं चित्र १६ एमबीचं, चौपट हलकं. मेमरीचा सगळ्यात वरचा आकडा ६.८ जीबीवर आला आणि चित्रात मला तरी फरक दिसला नाही. बदललेली फाईल तुझ्यासाठी वेगळी ठेवलीय.

तू म्हणशील, मग आठ जीबीत बसलं की! या एका फाईलपुरतं बसलं, आणि तेही मी दोन रात्री घालवल्यावर. पणजीच्या आर्किटेक्टने चवथीच्या तोंडावर सांगितलं, की अंगणात माटोळी टांगलेली दाखवा, फळं-पानांसकट, उद्या सकाळपर्यंत, तर तेव्हा टेक्स्चर बारीक करत बसायला तुला वेळ कुठला? कार्ड हळू असेल तर आपण थांबतो, चहा घेऊन येतो. मेमरीच पुरली नाही तर काम तिथल्या तिथे अडतं.

तुझा भाचा ४०६० घे म्हणतो, त्याचं म्हणणं चुकीचं नाही, ते त्याच्या गरजेचं आहे. ४०६० जून २०२३ मध्ये आलं, ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये. नवं कार्ड ११५ वॅटमध्ये काम करतं, जुन्याला १७० लागतात. मेमरीत मावणारं दृश्य असेल तर ब्लेंडरमध्येसुद्धा नवं कार्ड चांगलंच पुढे जातं, हे मी नाकारत नाही. त्याच्या व्हिडिओ गेमच्या खेळांत ते मधल्या फ्रेम स्वतः तयार करून भरतं, म्हणून पडद्यावर सगळं लोण्यासारखं सरकतं. पण ती करामत खेळापुरती. तुझ्या रेंडरची एकही फ्रेम त्याने लवकर होणार नाही. त्यातला एव्ही१ एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ नव्या पद्धतीने आवळून साठवणारा भाग, तोही तुला नको, तुझी गिऱ्हाइकं व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर मागतात.

आणखी एक गोष्ट त्याला सांग. ४०६० मदरबोर्डाशी आठच लेनवर, म्हणजे माहितीच्या ये-जा करायच्या आठच पदरांवर, बोलतं, ३०६० सोळा लेनवर. तुझा बोर्ड बी४५०, म्हणजे पीसीआयई (कार्ड बोर्डाला जोडायची खाच) तिसऱ्या पिढीचा. त्यावर ४०६०ला जाण्या-येण्याचा रस्ता निम्माच मिळेल. एरवी ते जाणवतही नाही, पण मेमरी भरून माल मुख्य रॅममधून ओढायची वेळ आली की नेमकं तिथेच अडकतं. कार्डाच्या आत मेमरीपर्यंत जाणारी वाटही जुन्याचीच रुंद आहे, १९२ बिट, नव्याची १२८. नव्यात त्याची भरपाई म्हणून मोठा कॅश, म्हणजे चिपमधलाच झटपट साठा, दिलाय आणि खेळांत तो पुरतो, पण आठचे बारा जीबी काही कॅश करत नाही.

विजेचं म्हणशील तर ५५ वॅटचा फरक आठ तास धरला तरी दिवसाला अर्धं युनिटसुद्धा होत नाही. मात्र तुझा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, ४५० वॅटचा, तोही जुन्या मशीनमधून काढून बसवलेला. दोन्ही कार्डांना ५५० सुचवलेला आहे, तेव्हा तो कसाही बदलावाच लागेल. ३०६० घेतल्यावर जे तीन हजार वाचतात त्यात थोडी भर घालून आधी तेच कर. १६ जीबी रॅमची आणखी एक स्टिक दिवाळीनंतर घेतली तरी चालेल. एएमडीचं ६७०० एक्सटी मीही पाहिलं, बारा जीबी त्यातही आहेत, पण ते २३० वॅट मागतं आणि सायकल्सचं काम एनव्हिडियावर जास्त सुरळीत चालतं. म्हणून तो विचार सोड.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या पिढीचं घे म्हणतोय, वापरलेलं नव्हे. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे रात्रंदिवस ग्राफिक्स कार्डं चालवून ते चलन कमावणं, बंद पडलं आणि वापरलेली कार्डं बाजारात ढिगाने आली. तेव्हा मी एकाकडून अठरा हजारांना ३०६० टीआय घेतलं होतं, तुला आठवत असेल. पहिला पावसाळा लागला आणि पंखा खरखरायला लागला. मग एका लग्नाच्या अल्बमचं काम चालू असताना पडद्यावर हिरवे चौकोन उमटले आणि सगळं काळं. उघडून पाहिलं तर स्क्रू गंजलेले, मेमरीवरच्या थर्मल पॅडचं तेल गळून बोर्डावर पसरलेलं, आणि एका कोपऱ्यात पांढरी बुरशी धरावी तसा थर. आमच्या खाऱ्या दमट हवेत आणि रात्रंदिवस तापवून ते कार्ड कधीच संपलं होतं. विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही. ते अठरा हजार मी बायकोच्या भिशीतून घेतले होते, ते अजून मनाला लागतं. तू बिल आणि तीन वर्षांची वॉरंटी घेतल्याशिवाय दुकानातून उठू नकोस.

आणि बॉक्सवर बारा जीबी छापलंय का ते स्वतः वाच. ३०६०चंच नाव लावून २०२२च्या अखेरीला आठ जीबीचंही एक कार्ड आलं. वाटही १२८ बिटची. नाव तेच, म्हणून दुकानदार सहज म्हणून जातो, "हेच ते". ते ते नव्हे. ते मिळत असेल तर सरळ ४०६० घेऊन मोकळा हो, दोन्ही आठचीच, निदान वेग तरी मिळेल.

शुक्रवारी बाजाराला येणार आहेस ना? मग दुकान बंद करून मीही येतो, आपण दोघं मिळून जाऊ. येताना कॅबिनेटची आतली लांबी टेपने मोजून आण, पुढचा पंखा धरून, कारण तीन पंख्यांचं कार्ड तुझ्या त्या छोट्या डब्यात बसेलसं मला वाटत नाही. दोन पंख्यांचं बघू. आणि कार्ड बसवल्यावर पावसाळाभर मशीन रोज अर्धा तास तरी चालू ठेव, काम असो-नसो, आत ओल धरत नाही.

वाळवंटी नदीला पाणी किती चढलंय? तुझी टेबलाखालची मशीन वर उचलून ठेव, शुक्रवारची वाट बघू नकोस. आईंना नमस्कार सांग, त्यांचा गुडघा कसा आहे ते कळव.

तुझा,
संदीप